दप्तरदारांचा दाखला

केर्कीस गाव, पाउनी महिन्याचा १२वा दिवस

कास्तोरकडून दाजी होरिऑन यांना. तुम्ही आणि ताई खुशाल असाल, अशी देवाजवळ प्रार्थना. कुठल्या देवाजवळ ते लिहीत नाही. पत्र आणणाऱ्या गाढववाल्याला वाचता येत नसलं तरी त्याच्या भावाला येतं.

तळ्याकाठच्या गावांतून आमची दाखल्यांची फेरी चालली आहे. रोज सकाळी देवळाच्या आवारात टेबल मांडायचं, मी आणि मारोन असे दोघे पंच बसायचं, आणि माणसांनी रांगेने यायचं. धुपाची एक चिमूट, मद्याचे चार थेंब, बळीच्या मांसाचा एक घास. मग कारकून दाखला लिहितो आणि आम्ही खाली सही करतो की ‘यांना बळी देताना पाहिलं’. एक प्रत त्या माणसाला, दुसरी तुमच्या दप्तरखान्यात गुंडाळीला चिकटवायला. सम्राटांना सगळ्या राज्याची भक्ती कागदावर हवी आहे, आणि कागद म्हटलं की शेवटी तुमच्याच दारात येणार!

आता खरी गंमत ऐका. मारोन माणूस वाईट नाही, पण जेवणावर त्याचा भारी जीव. दुपारी मासे आणि बीअर पोटात गेली की सावली भिंतीवर चढेपर्यंत गडी उठत नाही. दाखल्याला एका पंचाची सही पुरते. तेवढ्या वेळात मूर्तीला हात न जोडणारी आपली माणसं एकेक करून येतात, मी लिहून घेतो, सही करतो आणि घरी पाठवतो. आतापर्यंत एक्केचाळीस घरं झाली, दाजी. एकाच्याही ओठाला मांस लागलेलं नाही.

मला नगरसभेत घेतलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, ‘कास्तोर, ही खुर्ची तुला गिळून टाकेल.’ देवाने मला या खुर्चीत कशासाठी बसवलं ते आता कळलं ना? सकाळी पंचांनाही धूप घालावा लागतो, त्याची काळजी करू नका. माझ्या चिमटीत काही नसतंच. नुसती बोटं चोळतो.

या गठ्ठ्यात तुमचा आणि ताईचाही दाखला घातला आहे. डोळे मिटून चिकटवा. आणि ताईला सांगा, इथे मसुरीत मीठ घालायची पद्धत नाही, जीव नकोसा झालाय.

*

नगर, पाउनीचा १६वा

होरिऑनकडून कास्तोरला, सप्रेम. घरी सगळे ठीक. मीठ पाठवतो आहे.

पत्र घरी मिळालं, पण तुझा गठ्ठा कचेरीत माझ्याआधी नेफेरोसच्या हाती लागला. म्हातारा वीस वर्षं माझ्या शेजारी बसतो आहे, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

‘दप्तरदार, हा ऐका,’ म्हणाला. ‘अर्जदारास अक्षरओळख नसल्यामुळे त्याच्या वतीने कारकुनाने लिहिले.’

‘मग? गावाकडे सगळे तसेच.’

‘वय चोपन्न. डाव्या भुवईवर व्रण. नाव होरिऑन.’

दप्तरखाना दणाणून गेला. पाणक्यासुद्धा हसला. तुझ्या कारकुनाने गावकऱ्यांच्या दाखल्यांची ठरलेली ओळ माझ्याही दाखल्याला लावून टाकली, बाबा! तीस वर्षं जिल्ह्याचं दप्तर सांभाळलं आणि अखेर सरकारी कागदावर अंगठेबहाद्दर ठरलो. मीही हसलो. हसणं थांबलं तेव्हा नेफेरोस म्हणाला, ‘त्यात काय एवढं. ती ओळ खोडा आणि खाली स्वतःच्या हाताने लिहा, मी बळी दिला. तुमचं अक्षर कोण ओळखत नाही?’ त्याने लेखणी शाईत बुडवून माझ्या हातात दिली. त्याच्या मनात काहीही नव्हतं. मी जेवायची वेळ झाली म्हणून उठलो.

कास्तोर, ती ओळ नसती तर मी डोळे मिटून चिकटवला असता. हे मला तुझ्यापाशी कबूल केलं पाहिजे. कारण बाकीचे एक्केचाळीस मी चिकटवले. कणीक लावून, क्रमांक घालून, माझ्या हाताने. खोटा कागद गुंडाळीत जाऊ द्यायचा नाही, म्हणून लोकांशी भांडणारा मी! पोराबाळांची घरं आहेत, त्यांच्या जिवाचा निवाडा मी कोण करणार, असं मनाशी म्हणत चिकटवत गेलो. तुझ्या ताईला तिचा दाखला दाखवला. ती बराच वेळ पीठ मळत राहिली, मग मान वर न करता म्हणाली, ‘चिकटवा.’ चिकटवला. तिला तू कधी काही बोलायचं नाहीस.

माझा मात्र सोबत परत पाठवतो आहे. जाळून टाक, म्हणजे तुझ्या सहीचा माग उरणार नाही.

*

केर्कीस, पाउनीचा १९वा

कास्तोरकडून दाजींना. मीठ पोचलं. दाखलाही पोचला. जाळलेला नाही.

दाजी, हात जोडतो, हट्ट सोडा. कारकुनाला झापलं आहे. नवा दाखला करतो, ती ओळ नसलेला, त्यात तुम्हाला एक अक्षरही लिहावं लागणार नाही. नेफेरोसला सांगा, चुकीचा होता म्हणून बदलून आणला. झालं!

रागावू नका, पण बोलतोच. तीस वर्षं तुम्ही काय केलंत? नदीच्या पूजेची मिरवणूक आली की तुमचा पाय मुरगळलेला. सम्राटांचा वाढदिवस आला की पाय मुरगळलेला. साऱ्या नगराला वाटतं दप्तरदारांचा पाय जन्माचा अधू आहे, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही टुणटुणीत चालत कचेरीत! तेव्हा कुठे गेला होता हा खरेपणा? माझ्या खोट्यात आणि तुमच्या लंगडण्यात फरक काय, तो मला समजावून सांगा. निदान माझ्या खोट्याने एक्केचाळीस घरं वाचली. तुमच्या लंगडण्याने फक्त तुम्ही वाचलात.

लिहून गेलो. खोडत नाही. ताईचा विचार करा.

*

नगर, पाउनीचा २३वा

होरिऑनकडून कास्तोरला. तुझं पत्र तीनदा वाचलं. ताईला वाचून दाखवलं नाही.

फरक काही नाही. घरातून निघताना मी बुटात खडा घालायचो, म्हणजे लंगडणं खरं वाटावं. लोक विचारपूस करायचे, कोणी तेल पाठवायचं, कोणी औषधी पाला. मी ते घ्यायचो. आणि आपल्या मंडळीचे वडील, प्रार्थना चालवणारे, म्हणायचे, होरिऑनकडे बघा, एवढ्या पदावर राहूनही त्याने कधी डाग लागू दिला नाही. मी मान खाली घालायचो. त्यांना वाटायचं, केवढा नम्र माणूस. मला लाज वाटत असायची, कास्तोर, दुसरं काही नव्हतं.

आता कोणी मिरवणुकीला बोलावत नाही. आता सरळ विचारताहेत, आणि तेही लेखी. या वेळी पाय मुरगळून भागत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटतं आहे.

तुमची फेरी पुढच्या महिन्यात, एपीफच्या तीन तारखेला नगरात येते. देवळासमोर टेबल लागेल तेव्हा मी रांगेत उभा राहीन. तुझ्याकडे मी काही मागणार नाही, आणि तू काही बोलायची गरज नाही. आधीचा दाखला होता हे माझ्या तोंडून निघणार नाही. तो मात्र आता जाळच.

*

नगर, एपीफचा ८वा. कैदखान्यात होरिऑन यांना, ताईच्या हस्ते

कास्तोरकडून दाजींना. माझं घर तुमच्या कोठडीपासून दोन गल्ल्यांवर आहे आणि मी पत्र लिहितो आहे. यावरून काय ते समजा.

त्या दिवसापासून डोक्यात तेच चाललं आहे. तुम्ही रांगेत आलात. तुमच्यापुढे एक चुनेवाला लोणारी आणि त्याची आई होती. मग तुम्ही. मारोन उठून म्हणाला, ‘अहो दप्तरदार, तुम्ही कशाला रांगेत? या, या, पुढे या.’ आणि तो आणखी काही बोलण्याआधी मी बोललो. मी म्हणालो, ‘नाव?’

दाजी, तुमचं नाव मी विचारलं. माझ्या लग्नात माझा हात धरून मला मंडपात नेणाऱ्या माणसाला मी ‘नाव?’ म्हणालो.

तुम्ही म्हणालात, ‘होरिऑन. जिल्ह्याचा दप्तरदार.’

‘धूप घाला.’

‘घालणार नाही. मी ख्रिस्ताचा आहे.’

‘पूर्वी कधी घातलाय?’ हे मी का विचारलं मला माहीत नाही. यादीत तो प्रश्न नव्हता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘पूर्वी मी लंगडत होतो.’ लोक हसले. कोणालाच कळलं नाही. मला कळलं.

तुम्हाला समजावायला, वेळ द्यायला हवा होता. पण मारोनला घाई होती, रांग मोठी होती, ऊन वाढत होतं. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी ‘नकार’ असं लिहिलं. सही केली. आपल्या माणसांच्या कागदांवर मी केलेली खरी सही ती एवढीच.

आणि ती चिमूट. ती कधीच रिकामी नव्हती. पहिल्या सकाळपासून तिच्यात धूप होता. पहिल्या दिवशी मी बोटं नुसती चोळायची ठरवलं होतं, पण मारोन शेजारी उभा होता आणि निखाऱ्यातून धूर आला नसता तर दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी तर मी विचारही केला नाही.

मला माफ करा असं लिहायची हिंमत होत नाही. सुभेदार पुढच्या महिन्यात येतात. तोपर्यंत तुमचं मन बदललं तर एक शब्द पाठवा, बाकी सगळं मी बघतो.

*

कैदखाना, एपीफचा १५वा

होरिऑनकडून कास्तोरला. तुझी ताई तेकूसा कांदे, भाकरी आणि हा कागद घेऊन आली. कागदाचा पोत वाईट आहे, शाई फुटते. सवयीने तक्रार करतो.

‘नाव?’ म्हणालास तेव्हा मला हसू फुटणार होतं. तुझा आवाज अगदी तुझ्या सासऱ्यांसारखा निघाला.

रागावलो नाही असं मुळीच नाही. दोन दिवस मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की प्रार्थनेत तुझं नाव आलं की मी पुढे जायचो. मग इथे शेजारच्या कोठडीतला नावाडी रात्रंदिवस आपल्या भावाला शिव्या घालतो ते ऐकून कंटाळा आला, आणि माझा राग उतरला. यात माझं काही मोठेपण नाही.

तुला घाईने लिहावं लागलं, मारोन उरावर होता, रांग ताटकळली होती. मला ते दिसत होतं. त्या एका गोष्टीबद्दल तरी मनाला लावून घेऊ नकोस. जे तुझ्या हातात नव्हतं त्याचं ओझं उचलू नकोस, जे होतं तेच पुष्कळ आहे. जेवढं मला माहीत आहे तेवढं सगळं मी तुला माफ केलं.

मंडळीत कोणी विचारलं, होरिऑन शूर होता का, तर खरं सांग. भीतीने पोट बिघडलं आहे, सारखं जावं लागतं आणि बादली एकच आहे. जाळणार नाहीत, तलवारीचं काम असेल असं पहारेकरी सांगतो, पदावरच्या माणसाला तेवढी सवलत असते म्हणे. ऐकून बरं वाटलं आणि मग बरं वाटलं याची लाज वाटली.

तुझ्या ताईकडे लक्ष ठेव. ती रडत नाही, त्याची मला जास्त काळजी आहे.

*

तामीस गाव, पुढच्या वर्षीचा मेसोरे महिना, ६वा दिवस

तेकूसाकडून भावाला, कास्तोरला. हे पत्र शेजारच्या विणकराच्या मुलीकडून लिहून घेते आहे. ती भरवशाची आहे.

मी लेकीकडे तामीसला आल्यापासून तू तीनदा धान्य पाठवलंस. एकदाही आला नाहीस. सम्राट मेले, दाखले मागणारं आता कोणी उरलं नाही, आणि आपली माणसं पुन्हा इथे लेकीच्या अंगणात जमायला लागली आहेत. दाखले घेतलेली माणसंही परत येतात. मंडळीचे वडील प्रत्येकाला विचारतात, काय केलंस ते सांग. कोणी रडतं, कोणी सांगतं, आम्ही थोडंच काही खाल्लं, आमच्या वतीने कास्तोरने सही केली.

मीही सांगितलं. पहिल्याच प्रभूच्या दिवशी, आठवड्याच्या प्रार्थनेला. पीठ मळता मळता ‘चिकटवा’ म्हणाले, हे सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं. नवरा खाली मान घालून माझा दाखला कचेरीत घेऊन गेला तेही सांगितलं. अजून मी प्रायश्चित्त म्हणून दाराशी बसते, प्रभुभोजनाची भाकरी मला मिळत नाही. मिळेल तेव्हा मिळेल.

पण आता निराळंच चाललंय. तुझी ती एक्केचाळीस घरं प्रार्थनेत तुझं नाव घेतात. कास्तोरने आमची लेकरं वाचवली म्हणतात, आणि खरंच आहे ते. पण त्याच तोंडाने आता म्हणायला लागलेत की होरिऑन हेकट होता. हातात आलेला दाखला त्याने लाथाडला, बिचाऱ्या मेव्हण्याला संकटात घातलं, बायकोला उघड्यावर टाकलं. परवा गवळ्याची बायको मला म्हणाली, ‘तुमच्या भावानं किती सोसलं हो त्यांच्यापायी!’ मी बोलले तर नवऱ्याची बाजू घेते म्हणतील.

वीस तारखेला त्यांना जाऊन वर्ष होतं. प्रार्थनेत त्यांचं नाव वाचायचं आहे. तू ये, आणि त्या टेबलावर काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग. तेवढंच मागते.

*

नगर, मेसोरेचा २२वा

कास्तोरकडून ताईला. तू मला परवा पाहिलंस, आणि मी काय केलं तेही पाहिलंस.

ताई, मी सांगायलाच आलो होतो. वाटेत गाढवावर बसून वाक्यं पाठ केली होती. दाराशी तुझ्या शेजारी बसणार होतो. पण गवळ्याने मला पाहिलं आणि सगळे उठले. एक म्हातारी माझे हात डोळ्यांना लावायला लागली. मला ओढत पुढे नेलं, मंडळीच्या वडिलांशेजारच्या स्टुलावर बसवलं, आणि मी बसलो. दाजींचं नाव वाचलं. वडील म्हणाले, ‘कास्तोर, तू त्यांच्या घरातला, चार शब्द बोल.’ मी उठलो आणि म्हणालो, ‘दाजी फार मोठे होते.’ मग खाली बसलो आणि त्यांनी दिलेली भाकरी खाल्ली. तू दाराशी उपाशी होतीस.

म्हणून आता सगळं लिहितो. मी पंच असताना रोज सकाळी धूप घातला, तो खराखुरा घातला. दाजींना न विचारता त्यांच्या नावाचा दाखला केला. ते लाथाडून गेले नाहीत, त्यांनी तो मला परत पाठवला, कारण त्यावर माझी सही होती आणि माझा जीव वाचावा म्हणून. मी तो जाळला. मग त्यांना नाव विचारलं.

आणि आता जे कोणालाच माहीत नाही ते. मी दाजींना कैदखान्यात लिहिलं होतं की मारोनला घाई होती. मारोनला घाई नव्हती. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला होता, ‘यांची तब्येत बरी दिसत नाही. आजारी म्हणून लिही, पुढच्या फेरीत बघू. म्हातारा माझ्या बापासारखा आहे.’ एवढंच लिहायचं होतं, ताई. पुढची फेरी झालीच नाही, तुला माहीत आहे. दाजी घरी गेले असते. पण मला भीती वाटली की महिनाभर ते मोकळे राहिले तर त्या पहिल्या दाखल्याची गोष्ट कधीतरी बाहेर येईल. नेफेरोसने तो वाचला होता. मला ते प्रकरण संपायला हवं होतं. मी तसंच हळू मारोनला म्हणालो, ‘नियम सगळ्यांना सारखा.’ कागद त्याने सरकवला नाही, मीच ओढून घेतला. घाई मला होती.

दाजींनी मला माफ केल्याचं पत्र माझ्या पेटीत आहे. ते मी दुसऱ्यांदा उघडलेलं नाही.

हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस. मला तोंडाने जमत नाही, तू पाहिलंसच. त्यानंतर ते जे ठरवतील ते मला मान्य आहे.

*

तामीस, मेसोरेचा २४वा

तेकूसाकडून कास्तोरला.

तुझं पत्र विणकराच्या मुलीने मला वाचून दाखवलं. शेवटी तिला रडू आलं, तिला पाणी दिलं. मला नवीन काही वाटलं नाही. मारोन मागच्याच वर्षी मला भेटायला आला होता, ते गेल्याच्या चौथ्या दिवशी. मूर्तिपूजक माणूस, दारात उभा राहून रडला. म्हणाला, ‘बाई, मी वाचवत होतो हो त्यांना.’ तेव्हापासून मला सगळं माहीत आहे. वर्षभर मी वाट पाहिली. धान्य आलं की पोत्यात हात घालून पाहायचे, एखादी चिठ्ठी आहे का.

त्यांनी तुला माफ केलं ते जेवढं त्यांना माहीत होतं तेवढंच. उरलेलं माझ्याकडे आहे. आज मला ते देता येत नाही. पुढे येईल की नाही तेही सांगत नाही.

आणि पत्र मी वाचून दाखवणार नाही. कागदावर तू फार चटकन धीट होतोस, कास्तोर. ‘पाहिलं’ म्हणून कागदावर सह्या केल्यास, कागदावर नकार लिहिलास, दोन गल्ल्या ओलांडायच्या तर कागद पाठवलास. आता पुन्हा कागद माझ्या हातात देऊन तू नगरात बसणार, आणि लोकांची तोंडं मी बघायची? ती म्हातारी आपले हात मागे घेईल तेव्हा तिच्यापुढे तूच असायला हवास.

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. परवा प्रभूचा दिवस आहे. येताना ते घेऊन ये.

दाराशी माझ्या शेजारी जागा आहे.